भावाने चूक कबूल करावी, की भाचीला लस मिळावी?

पत्र :

कोविडच्या महासाथीच्या काळात माझ्या थोरल्या भावाने लस घेतली नाही. मास्क लावणाऱ्यांची तो टर उडवत असे. अंगात कणकण असतानाही ‘साधी सर्दी आहे’ म्हणून तो आईला भेटायला आला. आईचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले आहे. चार दिवसांनी तिला ताप भरला आणि ती अकरा दिवस रुग्णालयात होती. तिथेही तो आला तेव्हा त्याचा मास्क नाकाखाली ओढलेला होता. आई वाचली, पण दादाने आजवर एका शब्दाने खंत व्यक्त केलेली नाही. विषय निघाला की ‘लस घेऊनही तिला झालाच ना?’ असे तो मलाच विचारतो. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतेच बोलते. आता त्याची मुलगी पुढच्या महिन्यात नऊ महिन्यांची होईल. आधीच्या लशी दिल्या, पण गोवराची देणार नाही, असे तो म्हणतो. वहिनी काही बोलत नाहीत. माहिती पाठवून आणि भांडून मी थकले आहे. समजावण्याची ताकद उरलेली नाही आणि गप्पही बसवत नाही. बाळ आईकडे राहायला येईल तेव्हा तिला गुपचूप लस देऊन आणावी, असाही विचार मनात येतो. काय करू?

– एक आत्या

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या रागाला कारण आहे, हे आधी स्पष्टपणे सांगते, कारण ‘झाले गेले विसरून जा’ असे तुम्हाला आतापर्यंत अनेकांनी ऐकवले असेल. प्रत्यारोपण झालेल्या आईकडे अंगात कणकण घेऊन जाणे हा बेफिकीरपणा होता आणि त्याला मतभेद म्हणता येणार नाही. लस घ्यावी की घेऊ नये यावर दोन माणसांचे दुमत असू शकते. ताप असताना आजारी माणसाच्या खोलीत जाऊ नये यावर दुमत असण्याचे कारण नव्हते.

एक खबरदारी मात्र घ्या. आईला संसर्ग दादाकडूनच झाला हे आता कोणालाही सिद्ध करता येणार नाही. चार दिवसांचे अंतर जुळते, एवढेच म्हणता येईल. पण तपासणीसाठी आई त्या काळातही रुग्णालयात जात असणार, घरात इतरांची ये-जा असणार. ‘तूच तिला आजारी पाडलेस’ या वाक्याला तो पुरावा मागेल आणि तो तुमच्याकडे नाही. ‘ताप असताना तू आलास’ या वाक्याला पुराव्याची गरज नाही.

पत्र दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आले की तुम्ही भावाकडे एकाच वेळी दोन गोष्टी मागत आहात. त्याने त्या अकरा दिवसांची जबाबदारी मान्य करावी, ही एक मागणी. आणि मुलीला गोवराची लस द्यावी, ही दुसरी. तुमच्या मनात त्या एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की दुसरीविषयी बोलताना पहिली आपोआप आवाजात उतरत असावी. तुम्ही गोवराबद्दल बोलता आणि त्याला आरोपपत्र ऐकू येते. आज लशीला ‘हो’ म्हणायचे म्हणजे तेव्हाचे सगळे चुकले हे कबूल करायचे, आणि मग आईच्या आजारपणाचा प्रश्न त्याच्या दारात येऊन उभा राहतो. इतकी मोठी किंमत मोजून कोणी मत बदलत नाही. म्हणून माझा सल्ला असा की या दोन मागण्या वेगळ्या करा, आणि पुढचे काही आठवडे फक्त दुसरी मागा. पहिली सोडून देऊ नका, बाजूला ठेवा. तुमचे त्याच्याकडे येणे आहे, ते कुठे जात नाही; बाळाचा नववा महिना मात्र ठरल्या दिवशी भरणार आहे.

याची पहिली कसोटी दादाच्या त्या प्रश्नावरच लागेल. ‘लस घेऊनही तिला झालाच ना?’ या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते तुम्हाला माहीत असावे. प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे रोज घ्यावी लागतात, आणि लशीचे काम तर त्याच प्रतिकारशक्तीच्या जोरावर चालते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन मात्रा घेतलेल्या प्रत्यारोपण रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) आढळलीच नाहीत. पुढे अशा रुग्णांना अनेक देशांत जादा मात्रा देण्यात आली ती याचमुळे. निरोगी माणसांत चित्र अगदी वेगळे होते. पहिल्या एमआरएनए लशीच्या (विषाणूच्या एका प्रथिनाची कृती पेशींना देणाऱ्या लशीच्या) सुमारे ४३ हजार लोकांवरील चाचणीत लक्षणांसह कोविड झालेले १७० जण निघाले; त्यांपैकी १६२ जणांना लशीऐवजी औषध नसलेले इंजेक्शन मिळालेले होते आणि लस मिळालेले केवळ आठ होते. नोव्हेंबर २०२१ नंतर ओमायक्रॉन आला तेव्हा संसर्ग रोखण्याची ही ताकद बरीच घटली, पण गंभीर आजार आणि मृत्यू यांपासूनचे संरक्षण त्या मानाने टिकून राहिले. म्हणजे आईसारख्या माणसाचा बचाव तिच्या स्वतःच्या दंडावरच्या सुईपेक्षा भोवतालची माणसे किती काळजी घेतात यावर अधिक अवलंबून होता. दादाच्या प्रश्नाचे खरे उत्तर दादाच आहे.

हे उत्तर बिनतोड आहे, आणि म्हणूनच ते आत्ता देऊ नका. ते दिल्यावर तुम्ही वाद जिंकाल आणि त्यानंतर बाळाचा विषय काढायला जागा राहणार नाही.

आता तुमच्या पत्रातील एका अर्ध्या वाक्याकडे येते, ज्यावरून तुम्ही घाईने पुढे गेला आहात. ‘आधीच्या लशी दिल्या.’ आपला भाऊ लसविरोधी आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे. पण ज्याने साडेतीन-चार महिन्यांपर्यंतच्या सगळ्या सुया मुलीला टोचू दिल्या, तो लशींच्या सरसकट विरोधात कसा असेल? त्याचे काहीतरी या एका लशीपाशी अडले आहे. काय अडले आहे ते पत्रात नाही, आणि माझी शंका अशी की तुम्ही ते विचारलेलेच नाही.

बहुतेक वेळा गोवराच्या लशीपाशी अडते ते स्वमग्नतेच्या भीतीमुळे. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवरील एक निबंध प्रसिद्ध करून गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला. पुढे त्यातील माहितीची मोडतोड उघडकीस आली, २०१० मध्ये नियतकालिकाने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचा वैद्यकीय परवानाही गेला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. तरीही ती भीती जगभर फिरत राहते, कारण स्वमग्नतेची लक्षणे ज्या वयात आईवडिलांना जाणवू लागतात त्याच वयाच्या आसपास या मात्रा दिल्या जातात, आणि आधी घडलेली गोष्ट नंतरच्या गोष्टीचे कारण वाटणे हा मूर्खपणा नसून मनाची सवय आहे. दादाची अडचण हीच असेल असे मी म्हणत नाही. इतक्या तान्ह्या जिवाला आणखी एक सुई बघवत नाही एवढेही कारण असू शकते. किंवा त्या वर्षांत ज्यांनी त्याला फसवले असे त्याला वाटते, त्यांच्यावर त्याचा विश्वास उरला नसेल.

हे शेवटचे कारण असेल तर त्याच्याशी बोलताना तुम्हाला एक कबुली द्यावी लागेल. त्या काळात सांगितले गेलेले सारे बरोबर नव्हते. सर्वसामान्य लोकांनी मास्क वापरावा अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये केली. त्यापूर्वीचा तिचा सल्ला तसा नव्हता. विषाणू प्रामुख्याने हवेतून पसरतो हे मान्य व्हायलाही वेळ लागला, आणि तोवर आपण वस्तू पुसत बसलो. मी स्वतः घरी आलेली पार्सले दोन-दोन दिवस बाहेर ठेवून मग हातमोजे घालून उघडत असे. आज ते आठवले की हसू येते, तेव्हा मात्र त्यावरून घरात भांडणे झाली होती. लशींचे काही दुष्परिणामही खरे होते : काही लशींमुळे क्वचित रक्ताच्या गुठळ्या झाल्या, एमआरएनए लशींनंतर विशेषतः तरुण मुलग्यांमध्ये क्वचित हृदयाच्या स्नायूचा दाह आढळला. देखरेखीची यंत्रणा जागी होती म्हणून हे सापडले, आणि त्यानुसार अनेक देशांनी वयोगटांचे नियम बदलले. पण ज्याला आधी ‘काहीही होत नाही’ असे ठासून सांगितले गेले होते, त्याला ही दुरुस्ती म्हणजे फसवणुकीची कबुली वाटली.

अविश्वास काही दादापासून सुरू झालेला नाही. इंग्लंडमध्ये १८५३ च्या कायद्याने बालकांना देवीची लस सक्तीची झाली, नकार देणाऱ्या आईबापांना दंड होऊ लागले, आणि १८८५ मध्ये लेस्टर शहरात हजारोंचा मोर्चा निघाला. अखेर १८९८ मध्ये सदसद्विवेकाच्या कारणावरून सूट देण्याची तरतूद कायद्यात करावी लागली. १९१८-१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ‘अँटी-मास्क लीग’ नावाची संघटनाच उभी राहिली होती. आणि कधीकधी भीतीला ठोस कारणही असते. १९५५ मध्ये अमेरिकेत पोलिओ लशीच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू राहून गेला, सुमारे दोनशे मुलांना लकवा झाला आणि दहा जण दगावले. त्यानंतर निर्मितीवरील देखरेख कडक झाली, आणि पोलिओची लस पुढेही दिली गेली. हा इतिहास दादाला ऐकवण्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. समोरचा माणूस एकटाच वेडा आहे असे वाटत असताना त्याच्याशी धीराने बोलता येत नाही.

बोलायचे कसे, तर समोरासमोर, शक्यतो तिसरे कोणी नसताना, आणि पहिल्याच वाक्यात भीती काढून टाकून. ‘दादा, मला बाळाबद्दल बोलायचे आहे. आईच्या आजारपणाचा विषय मी आज काढणार नाही.’ हे म्हटल्यावर ते पाळावे लागेल, त्याने डिवचले तरी. नंतर एकच प्रश्न : ‘आधीच्या लशी दिल्यास, मग या लशीत तुला काय वेगळे वाटते?’ आणि गप्प राहा. तुमच्याकडे वाचलेले इतके आहे की तो श्वास घ्यायला थांबला तरी तुम्हाला उत्तर द्यावेसे वाटेल. देऊ नका. त्याचे पूर्ण ऐकून झाल्यावर ते त्याच्याच शब्दांत त्याला परत सांगा आणि ‘बरोबर समजले का मला?’ असे विचारा. मग परवानगी मागून एखादीच गोष्ट सांगा; तुमचे दुवे त्याने उघडलेसुद्धा नसतील.

ती एक गोष्ट कोणती, हे त्याच्या भीतीवरून ठरेल, पण माझ्या मते सर्वांत समजण्यासारखी गोष्ट ‘आत्ताच का’ ही आहे. बाळाला जन्माच्या वेळी आईकडून मिळालेली प्रतिपिंडे पहिल्या वर्षात हळूहळू ओसरतात. ती अंगात भरपूर असताना लस दिली तर तीच प्रतिपिंडे लशीचा परिणाम खोडून काढू शकतात, आणि फार उशीर केला तर बाळ मधल्या काळात उघडे पडते. म्हणून जिथे गोवर अजून पसरतो तिथे नवव्या महिन्याच्या सुमारास पहिली मात्रा देतात आणि ती प्रत्येक बाळात पुरेशी ठरत नाही म्हणून नंतर दुसरी. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो आणि संरक्षण नसलेल्या, जवळ आलेल्या दहांपैकी नऊ जणांना गाठतो. १९६३ मध्ये लस आली. ती सर्वत्र पोहोचण्यापूर्वी गोवर जगात दरवर्षी सुमारे २६ लाख माणसे नेत असे. ‘आम्हालाही लहानपणी आला होता, काही झाले नाही’ असे तो म्हणेल. जे त्यातून वाचले त्यांनाच हे म्हणता येते, हे वाक्य मात्र ओठांवर आले तरी गिळून टाका. ते टोमण्यासारखेच ऐकू जाते.

दुष्परिणाम लपवू नका. लशीनंतर साधारण आठवड्याभराने ताप येऊ शकतो, अंगावर पुरळ उठू शकते; तापामुळे क्वचित झटका येतो, तो भीतिदायक दिसतो, पण सहसा मागे काही ठेवत नाही; आणि तीव्र ॲलर्जी दहा लाख मात्रांमागे एखाद्या बाळाला होते. तुम्ही ‘काही होत नाही’ म्हणालात आणि आठव्या दिवशी बाळ तापाने फणफणले, तर दुसऱ्या मात्रेच्या वेळी तुमचे कोणी ऐकणार नाही. त्याचप्रमाणे ‘बाळाला गोवर झाला तर आईला होईल’ हे सांगण्याचा मोह टाळा. आईच्या पिढीतील बहुतेकांना लहानपणीच गोवर येऊन गेलेला असतो आणि ते संरक्षण सहसा टिकते. खरी कारणे पुरेशी असताना फुगवलेले एखादे कारण जोडले की समोरचा नेमके तेच पकडतो.

गुपचूप लस देऊन आणण्याचा विचार मनातून काढून टाका. तुमचा हेतू चांगला आहे हे मला ठाऊक आहे. पण आठवड्याने ताप आला तर आईवडिलांना त्याचे कारण माहीत नसेल आणि डॉक्टरांनाही चुकीची माहिती मिळेल. मात्रेची नोंद राहणार नाही, पुढची केव्हा द्यायची हे कोणाला कळणार नाही. शिवाय संमती आईवडिलांनी द्यायची असते, ती आत्याच्या अधिकारात नाही. ही गोष्ट एक ना एक दिवस फुटेल, आणि ज्या माणसाला सगळे आपल्याला फसवतात असे वाटते त्याला स्वतःच्या बहिणीने फसवलेले असेल.

तरीही तो नाही म्हणू शकतो. अशा वेळी बाळाशी किंवा त्या घराशी संबंध तोडून त्याला शिक्षा करू नका. राहून गेलेली मात्रा नंतरही देता येते. परिसरात गोवराचे रुग्ण निघाले की पुष्कळ ठाम माणसे बदलतात, आणि संसर्गाशी संबंध आल्यावर ७२ तासांच्या आत दिलेली लसही उपयोगी पडू शकते. तेव्हा फोन करावासा वाटेल असे कोणीतरी त्याच्या यादीत असले पाहिजे. जे तुमच्या हातात आहे ते मात्र ठरवून टाका : ताप, खोकला, सर्दी असेल त्याने आईच्या घरी यायचे नाही. हा नियम दादासाठी म्हणून काढू नका. तुम्हालाही शिंक आली तर दाराबाहेरूनच परत फिरा, आणि हे त्याला दिसू द्या.

बाजूला ठेवलेल्या पहिल्या मागणीचे काय, असे तुम्ही विचाराल. लशीचा प्रश्न इकडे किंवा तिकडे सुटल्यावर त्याला एक पत्र लिहा, ज्यात लस हा शब्दच नसेल. त्या अकरा दिवसांत रात्री बाकावर बसून तुम्ही काय ऐकत होता, कोणता फोन उचलायला हात थरथरत होता, एवढेच त्यात असू द्या. त्याला खंत नाही असे तुम्ही लिहिता. माझा अंदाज वेगळा आहे, चुकूही शकतो : ज्याच्या मनात काही टोचत नाही तो ‘लस घेऊनही तिला झालाच ना?’ हा प्रश्न इतक्यांदा विचारत नाही. मात्र पत्र लिहिण्याआधी आईला विचारा. या सगळ्यात तिचे काय म्हणणे आहे हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि हा हिशेब मुळात तिचा आहे. तिने तो केव्हाच मिटवून टाकला असेल, तर तुम्ही कोणाच्या वतीने तो मांडून बसला आहात याचा विचार करावा लागेल.

शेवटचे, आणि खरे तर कामाला इथूनच सुरुवात करा. भावाबद्दल तुम्ही दोन पाने लिहिली आहेत आणि वहिनींबद्दल चार शब्द : ‘वहिनी काही बोलत नाहीत.’ बाळाच्या आधीच्या लशींच्या वेळी दवाखान्यात कोण घेऊन गेले होते, रात्री ताप कोणी मोजला होता? त्यांना दादाविरुद्ध आपल्या बाजूला ओढायला जाऊ नका. नणंद नवऱ्याच्या तक्रारी घेऊन आली की त्या आणखी गप्प होतील. या आठवड्यात सहज फोन करा, बाळ कसे आहे, दात येत आहेत का, मागच्या सुईनंतर किती दिवस किरकिरत होते, असे विचारा, आणि मग त्या काय सांगतात ते ऐका. लशींचे कार्ड घरात कोणत्या कप्प्यात ठेवले आहे आणि त्यावर पुढची तारीख कोणती लिहिली आहे, हे बहुधा त्यांनाच माहीत असेल.